पान सहा

पुस्तकाच्या पाठीवर छापलंय:
कवयित्री, शिक्षिका; बालपण मॅलीच्या गव्हाच्या मुलखात.
मी तिचा धाकटा भाऊ, क्लेम पेनबर्थी.
एवढंच सांगतो की गहू तीन वर्षांतून एकदा यायचा.
वाळू रोज यायची.
आई टेबलावर ताटल्या पालथ्या मांडायची,
रस्सा वाढायच्या क्षणी सुलट्या करायची,
तरी कुंपणापलीकडचं शेत दाताखाली लागायचंच.

वडील रुळांचे खिळे ठोकायचे.
घर पत्र्याचं, आतून गोणपाट,
गोणपाटावर मैद्याच्या खळीने चिकटवलेली वर्तमानपत्रं,
वारा अडवायला, वाचायला नव्हे.
वडिलांना अक्षरओळख बेताची,
म्हणून निम्मी पानं उलटी लागली होती.
पाच वर्षांची मर्टल खाटेवर पडायची,
डोकं खाली, पाय भिंतीला,
आणि वाचायची मेंढ्यांचे भाव, लग्नं, मयत,
मेलबर्नला हरवलेली एक छत्री.
पुढे पाय खाली आले.
अक्षरं उलटीच राहिली; तिला काही फरक पडत नव्हता.

चुलीशेजारी एक गलबत होतं.
तास्मानियाच्या पश्चिमेला वादळात सापडलेलं,
नऊ माणसं, एक होडी, कप्तानाची कुत्री,
आणि तळाशी: पुढील मजकूर पान सहावर.
पान सहा म्हणजे त्याच कागदाची पाठ,
भिंतीकडे तोंड करून, खळीत रुतलेली.

मग काय, रोज रात्री मर्टल मला शेवट सांगायची.
एकदा देवमाशाने होडी ढकलत नेली.
एकदा कुत्री पोहत गेली दोरी तोंडात धरून.
एकदा कुणीच वाचलं नाही,
मी इतका रडलो की आईने दिवा लावला,
आणि रॉकेल महाग होतं.
दुसऱ्या रात्री तिने सगळ्यांना परत आणलं,
पण ओले, आणि गप्प.
मला वाटतं, ती कविता तिथून सुरू झाली.
कदाचित नसेलही. मी रेल्वेतला माणूस आहे.

शाळा चार मैलांवर, एक खोली, एक मास्तर,
घंटेऐवजी टांगलेला रुळाचा तुकडा.
आम्ही दोघं आणि शेजारचा ऑस्कर लिंडनर,
तिघं एका घोड्यावर; घोडा सर्वांत म्हातारा.
मर्टल चौदाची झाली तेव्हा मास्तरांनी तिला
बिगरीच्या पोरांवर नेमलं.
खडू संपला की ती काठीने मातीत लिहायची,
पोरं गिरवायची, वारा पुसायचा.
याहून स्वस्त पाटी सरकारकडे नव्हती.

इन्स्पेक्टर आले, टाय लावून, माश्या हाकत,
बसले, आणि वहीत काही लिहू लागले.
ती समोर उभी, हात मागे.
"साहेब," ती म्हणाली,
"आडनावात थ राहिला. आणि मी बुजरी नाही."
त्यांनी वहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे,
मग खिडकीबाहेर, जिथे गुलाबी काकाकुव्यांचा थवा
पाण्याच्या टाकीवर भांडत होता.
बेंडिगोच्या प्रशिक्षणाचं पत्र जानेवारीत आलं.

तिला पाण्याच्या गाडीने नेलं,
कारण त्या उन्हाळ्यात दुसरी गाडी धावत नव्हती.
रिकाम्या टाक्यांमागे गार्डचा डबा,
दारात ती, मांडीवर आईची टोपी.
हात हलवला नाही. ओठ हलत होते.
शेवट सांगत असेल. ऐकू आलं नाही.

त्या रात्री मी माझ्या वाट्याचं पिण्याचं पाणी
फडक्यावर ओतलं आणि गलबत भिजवलं.
सुरीने कडा उचलल्या. खळ जुनी होती,
पान सावकाश आलं, साप कात टाकतो तसं.
मागे दोन ओळी होत्या,
खाली साबणाची मोठी जाहिरात.
मर्टलने सांगितलेल्यांपैकी एकही शेवट त्यात नव्हता.

पुढे तिची सहा पुस्तकं आली.
दर नाताळाला विचारायची, "भिंत आहे का रे अजून?"
आहे, मी म्हणायचो.
कागद पुन्हा होता तसाच चिकटवला होता मी,
घाईत, ओल्या हातांनी.
तेवढा उलटा लागला.